कोलबर्गांचं च्युइंगम

२६ ऑगस्ट
आयोवात येऊन तीन दिवस झाले, आणि मी खुशीत आहे. विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचा अभ्यासक्रम, विद्यापीठाचंच क्लिनिक, दारावर माझ्या नावाची पाटी. मेपर्यंत जोडप्यांबरोबर तीस तास भरायचे, नाहीतर पदवी विसरा. खोलीच्या भिंतीत काच आहे. पलीकडून आमच्या बाई, डॉ. लिंडक्विस्ट, सगळं पाहतात. म्हणाल्या, मॅरन, जोडपं आलं की आधी त्यांच्यात सामील हो. ते बसतात तसं बस, बोलतात तसं बोल.

९ सप्टेंबर
जोडपं मिळालं. ड्वेन आणि अर्डिस कोलबर्ग, साठीचे, मक्याची शेती. दोघंही फक्त ‘आम्ही’ म्हणतात. आमचं डोकं दुखतं. कोणाचं, विचारलं तर एकमेकांकडे बघून हसले. त्यांच्या तोंडून ‘मी’ काढायचं, एवढंच माझं काम. माणसं गोड आहेत.

१६ सप्टेंबर
ड्वेन च्युइंगम चघळत होता. बोलायची पाळी अर्डिसची आली तशी त्याने ते तोंडातून काढून तिच्या जिभेवर ठेवलं. करडं, लाळेची तार लोंबणारं. मी तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, नाक मुरडायचं ते घरी.

३० सप्टेंबर
लग्नापासून तेच च्युइंगम आहे म्हणे. अक्रोडाएवढं झालंय. त्यात काहीतरी पांढरं रुतलेलं दिसलं. ड्वेन कौतुकाने म्हणाला, अगं पोरी, ती तुझ्या आधी या खुर्चीत बसायचा त्या मुलाची दाढ. गुणी होता, पटकन आमच्यातला झाला.
ऑफिसात विचारलं. असा कोणी मुलगा नव्हताच म्हणतात. पण कोलबर्गांच्या फाइलमध्ये जुनं, वेगळं अक्षर आहे.

१४ ऑक्टोबर
दुसरं जोडपं मागितलं. बाई म्हणाल्या, दुसरं नाही. यांना सोडलंस तर पदवीही सोड.
दुपारी अर्डिसने ते च्युइंगम माझ्या ओठांपुढे धरलं. ऊन ऊन. केस चिकटलेले. टेबलावरचा फोन वाजला, काचेपलीकडून बाई: सामील हो.
घेतलं. शी. तोंडात घेतलं मी —

१५ ऑक्टोबर
तीनदा ओकले. हिरड्या फुटेपर्यंत दात घासले. चव जात नाही. शिळी लाळ, कुणाचं तरी कालचं मांस —

२१ ऑक्टोबर
दाढ हलतेय. माझी. लिहून ठेवते, माझी. मी मॅरन. मी —
बाईंनी शाबासकी दिली.

२८ ऑक्टोबर
दाढ निघाली. तिघांनाही दुखलं.
काचेपलीकडे नवी विद्यार्थिनी बसली होती. आम्ही तिला आवडलो असू. आम्ही — नाही. मी. हे कसं लिहितात ते आम्हाला