हिरवा दिवा खोटा होता

मी, आग्नेस कायतान पिंटो, वय चौसष्ट, अविवाहित, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, राहणार देवबाग, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहून ठेवते. हृदय कुरकुरतं, डोकं ठिकाणावर आहे. भाऊ जेरी याला त्याबद्दल शंका असल्यास त्याने डॉक्टरांना विचारावं, शेजाऱ्यांना नको.

१. देवबागचं राहतं घर, माडांसह, माझ्या स्वकमाईचं आहे. ते मी तन्वी बाळा घाडी, राहणार वालावल, हिला देते. का, ते कलम ४ मध्ये.

२. भावजय ब्रेंडा हिला पपांनी गोव्याहून आणलेली चिनी मातीची ताटं. दर नाताळात ती ती मोजायची. आता घरी नेऊन निवांत मोजावीत. जेरीला ममाचा क्रूस. बांधावरच्या ज्या फणसावरून तो माझ्याशी नऊ वर्षं बोलला नाही, त्याचे फणसही त्यानेच न्यावेत.

३. स्क्रूड्रायव्हरचा संच, आरसे आणि अदृश्य किरण पडला की चमकणारं कार्ड तन्वीला. बाय, कार्ड कायम खिशात ठेव. दिव्यावर विश्वास ठेवू नकोस.

४. तन्वीचा बाप बाळा घाडी पुण्याकडच्या प्रयोगशाळेत माझा तंत्रज्ञ होता. लेझरचा तीव्र झोत आर्गॉन वायूवर रोखला की अणूतला इलेक्ट्रॉन उपटला जातो, मागे येऊन आदळतो आणि अतिनीलाच्याही पलीकडच्या प्रकाशाचे स्पंद निघतात. सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज. त्या मापात ते मोजावे लागतात. हवेत ते टिकत नाहीत. निर्वात नळीत असतात आणि आम्हांला संगणकावरच कळतात. मूळ झोत मात्र डोळ्याला जवळपास दिसतच नाही, आणि डोळा जाळतो तो तोच.

तिथे मालवणी आम्ही दोघंच. त्या स्पंदांना मी 'उजवाड', म्हणजे उजेड, म्हणायचे. बाळाही म्हणायचा, पण तो लेझरच्या झोतालाही उजवाडच म्हणायचा. हे मला माहीत होतं.

२०११ च्या फेब्रुवारीतली दुपार. बाळा टेबलापाशी, मी पडद्याआड संगणकावर. झोत अडवणारी झडप बंद आहे असं सांगणारा हिरवा दिवा लागलेला. तरी त्याने विचारलं, "बाई, उजवाड आसा?"

आर्गॉन सोडलेला नव्हता, म्हणून संगणकावर स्पंद नव्हते. मी म्हटलं, "नाय रे, कायच नाय."

त्याने गॉगल वर सरकवला आणि वाकला. झोत चालूच होता. "बाई, डोळ्यात कायतरी टक्कन वाजला," एवढंच तो म्हणाला. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच.

झडप उघडीच अडकते आणि दिवा तरीही हिरवा होतो, हे मला आठ दिवसांपासून ठाऊक होतं. दुरुस्तीत महिना गेला असता आणि निकाल हाताशी आले होते. चौकशीत मी लिहून दिलं, 'घाडी यांनी नियम मोडून गॉगल काढला.' दिव्याबद्दल अवाक्षर नाही, माझ्या 'नाय'बद्दलही नाही. त्याची नोकरी गेली, मला बढती मिळाली. बाळा दर मे महिन्यात वालावलहून काजू घेऊन येतो आणि म्हणतो, "बाई, चूक माझीच." मी काजू ठेवून घेते.

५. तन्वीला एका नव्या केंद्रात नोकरी लागली. शिफारसपत्र माझं. काल तिने फोटो पाठवला: 'मावशी, तुमची जुनी मशीन आमच्याकडे आली. उद्यापासून मी तिच्यावर.' टेबल तेच, झडप तीच, दिवा हिरवा. मी उत्तर पाठवलं, 'छान.'

खरं सांगायचं तर तिच्या बापाचंही सांगावं लागलं असतं. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, म्हणून मला हे लिहिणं सोपं वाटलं. मला माझी लाज वाटते.

६. साक्षीला बाळालाच बोलावलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त माझी सही होताना पाहायची, असं वकीलबाई रश्मी नाबर म्हणाल्या होत्या. बाळा म्हणाला, "न वाचता सही माका नको. एकदा न बघता वाकलो, तां पुरे." कलम पाचपर्यंतचा कागद त्याच्या हातात दिला, हे पुढच्या कागदावर लिहिते आहे. तो डाव्या डोळ्याने, ओळीवर बोट ठेवून वाचतो.

स्थळ: देवबाग
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५
सही: आग्नेस का. पिंटो

साक्षीदार १: अ‍ॅड. रश्मी नाबर, मालवण (सही)

साक्षीदार २: बाळा यशवंत घाडी, वालावल. सही नाही.

एका साक्षीने मृत्युपत्र होत नाही, हे मला कळतं. बाळाने कलम पाचपर्यंत वाचलं आणि कागद टाकून अंगणात धावला. "तन्वी, फोन उचल गो," एवढंच ऐकू येतं आहे. रश्मी केंद्राच्या ऑफिसचा नंबर शोधते आहे. मी अजून लिहितेच आहे. तिचं काम दहाला सुरू होतं, आता साडेदहा झाले. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, हे तिला मीच शिकवलं.