शेवटची दहा पावलं

प्रिय तनू,

आधी आला तो खाजा जीपवाला. अंगणातूनच वरडला, नागुबाई, पुण्याचे पाव्हणे आणलेत, चहा टाका! मागून एक बाई आन् एक टोपीवाले साहेब उतरले. त्यांनी तुझं नाव घेतलं आन् मी हरखले. तिथंच चुकले. मला वाटलं, तुला स्थळ आलं! घाईघाईनं नवं लुगडं नेसले, इस्लापूरहून आणलेली खारी काढली, शेजारच्या रजियाकडून काचेचे कप आणले. रजिया म्हणे, मौसी, नवरा मुलगा कुठाय? म्हणलं, गप, मोठ्या घरचे आधी आईबाप येतात.

बाई तुझंच इचारून राहिली. लहानपणी डोंगर चढायची का? म्हणलं, बकऱ्या मागं राहायच्या, ही पुढं. घरात गोंडी, शाळेत मराठी, आता बर्फात इंग्रजी. साहेबलोकांना दोरी बांधून वर नेते माझी नात. मग साहेबानं इचारलं, तुमच्यात डोंगराच्या टोकावर पाय देत न्हाईत म्हणे, खरं का?

तनू, माझी जीभ कशी वळली बघ. वाटलं, शहरातली माणसं, हो म्हणलं तर रानटी समजतील, सोयरीक मोडंल. म्हणलं, छे, असलं जुनं आम्ही काई मानत न्हाई. दोघांनी एकमेकाकडं बघितलं. साहेबानं वहीत लिहिलं.

जीपमध्ये बसताना बाईनं सांगितलं, ती दोघं तुझ्या डोंगर चढवणाऱ्या कंपनीची. तू त्यांच्या माणसांना बर्फातल्या शिखराच्या दहा पावलं खाली थांबवलंस, म्हणलीस, हा देव हाय, त्याच्या डोक्यावर पाय द्यायचा न्हाई. ते चिडले. म्हणतात, पोरगी भ्याली आन् देवाचं नाव पुढं केलं. आपली रीत खरी निघाली तरच पुढच्या टोळीला तू वाट दाखवणार, न्हाईतर नाव कट. आन् मी! तू पाच वर्षाची होतीस तवा आपल्या डोंगराच्या टोकाखालच्या पांढऱ्या दगडापाशी चप्पल काढायला लावून तुला थांबवणारी मी, मीच तुला खोटं पाडलं. थांबा, म्हणेपर्यंत खाजानं जीप वळवली पण होती.

दोन दिस भाकर गोड लागली न्हाई. मग आनंदराज मास्तरकडून बाईला फोन लावला आन् सगळं कबूल केलं. स्थळाचं पण सांगितलं, हसली मेली. म्हणे, आजी, आता सांगू नका, दाखवा. दाखवते! गुडघे धरून का होईना, दोघांना अनवाणी पांढऱ्या दगडापर्यंत नेते, तिथं नारळ ठेवते, आन् वर एक पाऊल टाकू देत न्हाई. तू थांबलीस ते बरं केलंस, पोरी. घाबरली ती मी, तू न्हाई. येवढं तुला त्यांनी सांगायच्या आधी कळावं म्हणून हे वाकडंतिकडं लिहिलं. परत यायचा दिवस त्यांनी सोमवार सांगितलाय.

तुझीच, तुला थांबायला शिकवणारी,
नागुआजी