मडफ्लॅपला चिखल लागू देणार नाही

३ डिसेंबर १९९१
धुळ्याहून जीपसाठी नवे मडफ्लॅप आणले, मागच्या चाकांमागे लटकवायचे. जाड रबर, खाली स्टीलची पट्टी. अख्ख्या सावद्यात असे कुणाकडे नाहीत. दुकानदाराला विचारलं, चिखल लागला तर चमक जाईल का? तर म्हणे, "भाऊ, हाई रबर चिखल अडावाकरता शे, देव्हारामा ठेवाकरता नही." माल विकतो, पण मालाची कदर नाही. येताना सोनगीरला गाडी थांबवून मागे जाऊन पाहिलं. दोन्ही जागेवर होते.

जामनेरचे तोताराम नाना पंधरा तारखेला आपल्या शेतात भरीत खायला येणार. त्यांच्या मुलासाठी आमच्या मुलीला, रंजनाला, बघून गेलेत, पसंतही आहे. पण शेत, माणसं, राहणी बघून होकार कळवू म्हणाले. पोरीलाही मुलगा आवडलाय. बोलत नाही, पण जामनेरचं नाव निघालं की भाजीत मीठ दोनदा पडतं. होकार मिळवून देणार ही जीप. फोर-व्हील ड्राइव्ह आहे, चेष्टा नाही.

५ डिसेंबर
अभिमन पेंटरकडून नाव टाकलं. डाव्या फ्लॅपवर 'रतिलालभाऊ', उजव्यावर 'केळीवाले', मधोमध घड. केळी वांग्यांसारखी झालीत. असू दे, भरीत आहेच.
सौ. म्हणाली, नाव लिहायला चाकाखालचीच जागा सापडली का? बायकांना गाडीतलं कळत नाही.
संकल्प: फ्लॅपला चिखल लागू द्यायचा नाही.

८ डिसेंबर
एका ट्रकवाल्याने सांगितलं, रिव्हर्स घेताना फ्लॅप चाकाखाली येतो आणि मुळापासून फाटतो. बरं झालं वेळेवर कळलं.
संकल्प दुसरा: रिव्हर्स कायमचा बंद.
दुपारी मेहुण्याकडे, पंडितकडे गेलो. त्याची गल्ली पुढे बंद आहे हे ध्यानात नव्हतं. मग त्याच्याच खळ्यातून गाडी पुढे काढली. कूड पडला. पंडित भडकला. कूड जुनाच होता.

११ डिसेंबर
शेवटी उपाय सापडला. शेताच्या वाटेला लागायच्या आधी फ्लॅप वर उचलून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, बांधून टाकायचे. पाहुण्यांना गावात नाव दिसेल, शेतात फ्लॅप सुरक्षित. डोकं लागतं.
गावातच चाचणी घेतली. नळाजवळच्या डबक्यातून गाडी घातली. मागे शेजारच्या सुंदरबाईंनी धुणं वाळत घातलं होतं, ते आता परत धुवावं लागेल. बाई बाजारापर्यंत बोलत आल्या. फ्लॅप मात्र कोरडे ठणठणीत!

१४ डिसेंबर
नवी अडचण. शेताची गाडवाट धुळीने भरलीय. धूळ म्हणजे कोरडा चिखलच. लोटनला सांगितलं, आज रात्रभर पाटाचं पाणी वाटेवर सोड. त्याने फावडं खाली ठेवलं. म्हणाला, "भाऊ, वाटले पानीनं बारं देऊ?" दे म्हटलं. त्याने दिलं. सालदार असावा तर असा.
सौ. म्हणाली, काळ्या मातीला पाणी पाजताय, उद्या बैलं तरी तयार ठेवा. हसलो.

१५ डिसेंबर, सकाळी
वांगी, ती भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या, कळण्याच्या पुऱ्या, सगळं सौ.ने बैलगाडीने वरच्या वाटेने पुढे पाठवलं. मी फ्लॅप पुसले. आज रंजनाचं नक्की होणार.

१५ डिसेंबर, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. तरी नोंद असावी.
नाना, त्यांच्या मंडळी तानुबाई, सौ. आणि रंजना जीपमध्ये. सोपट बांधून वाटेला लागलो. धूळ अजिबात नव्हती. दोन बागांच्या मध्ये गाडी बसली. फोर-व्हील टाकलं. आणखी बसली. नाना म्हणाले, मागे घ्या, मागे कोरडं आहे. मी त्यांना रिव्हर्स आणि फ्लॅपचा संबंध समजावून सांगितला. त्यांनी टोपी काढून सीटवर ठेवली. मग धोतर खोचून स्वतः मागून लोटायला उतरले. मोठा दिलदार माणूस!
मी अॅक्सिलेटर दाबला.
नानांचे फक्त डोळे दिसत होते. तेही मिटलेले.
रंजना अनवाणी चिखलात उतरली, त्यांचा हात धरून विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली घेऊन गेली, आपल्या पदराने तोंड पुसलं. नाना माझं धोतर नेसून भरीत जेवले. गाडी बैलांनी ओढून काढली.
फ्लॅपवर एक डाग नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१७ डिसेंबर
जामनेरहून निरोप नाही. रंजना जेवत नाही. म्हटलं, चूक काळ्या मातीची आहे. ती म्हणाली, "हो, दादा." रागावली असती तर बरं वाटलं असतं. आज पहिल्यांदा फ्लॅप पुसले नाहीत.

२० डिसेंबर
होकार आला! निरोप पंडितने आणला, कुडाचं काही न काढता. तानुबाई म्हणाल्या म्हणे, सासऱ्याची अशी दशा पाहून जी पोरगी हसली नाही, ती आमच्या घरात टिकेल. मला तर जीपमध्येच हसू आवरत नव्हतं, हेही त्याच म्हणाल्या.
नानांची एकच अट. लग्नात रतिलालभाऊंनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नवरदेव बैलगाडीने येईल.
रंजना दोन वेळचं एकदम जेवली. शेवटी जीपमुळेच जमलं.

२९ डिसेंबर
आज साखरपुडा. अंगणात सडा जास्त होऊन चिखल झाला होता. सौ.ने मला न विचारता फ्लॅप काढून उंबऱ्यासमोर टाकले. रबर जाड आहे, पाय चांगले पुसले जातात म्हणाली.
नाना आले. खाली वाकून नाव वाचलं, मग 'रतिलालभाऊ'वर डावा पाय पुसला, उजवा पुसला, आत गेले. मागून सगळं जामनेर. 'केळीवाले'वर सुंदरबाई जरा जास्तच वेळ थांबल्या.
रबर कुठेही फाटलं नाही.
आतून रंजनाने हाक मारली, दादा, या ना, तुमच्यासाठी थांबलेत सगळे. माझेही पाय भरले होते. इकडेतिकडे पाहिलं. दुसरं काही नव्हतं.
पुसले आणि आत गेलो.