सोलापूर दाखवणारा मीच

३ डिसेंबर १९२८, सोमवार
पुण्याच्या कॉलेजचे बावीस विद्यार्थी पंधराला सोलापूर पाहायला येणार. हेडमास्तरांनी विचारले, शहर कोण दाखवील? माझा हात वर. कानडी, तेलुगू, उर्दू तिन्ही येतात, असेही बोलून गेलो. नीट पार पडले तर नोकरी कायम करतो म्हणाले. मी मूळचा माळशिरसचा, पण इथे सहा वर्षे झाली. खोली, शाळा, खाणावळ तोंडपाठ. घाबरायचे काय?

५ डिसेंबर
छातीत धडधड. खाणावळीतली वांगी बाधली.

८ डिसेंबर
किल्ल्यावर गेलो. दरवाज्याच्या आत अंधार. परतलो. इतिहास बाहेरूनच सांगावा, तट छान दिसतो. उद्यापासून रोज एक पेठ पाहणार.

११ डिसेंबर
पेठा राहिल्या. आधी भाषा. शाळेचा शिपाई ज्ञानबा याला तिन्ही खरोखर येतात; त्याच्याकडून प्रत्येकीची चार-चार वाक्ये उतरवून घेतली. म्हणाला, मास्तर, तुमी कापताय की! मी म्हटले, थंडी. म्हणाला, हितं कुटं थंडी हाय? अडाणी माणूस.

१४ डिसेंबर
जेवण गेले नाही. खरेच भीती वाटते. बिंग फुटले तर माळशिरसला कोणत्या तोंडाने जाऊ?

१५ डिसेंबर, सकाळी ७
डाव्या तळव्यावर कानडी, उजव्यावर तेलुगू, मनगटावर उर्दू. तयारी फर्स्ट क्लास.

सायंकाळी
सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत ठीक. विणकरांच्या वस्तीत घाम फुटला, तळव्यांवरची शाई वाहून गेली. एकाच बोळातून तीनदा गेलो. इथे घरे एकसारखी बांधतात, असे सांगितले. शेवटी एका घरात शिरलो. माग समजावताना मागे सरकलो तो थेट मागाच्या खड्ड्यात, जिथे विणकर पाय सोडून बसतो. चार हात सूत तुटले. घरची बाई तेलुगूत कडाडली. मुले म्हणाली, अर्थ सांगा सर. म्हटले, स्वागत करताहेत. तेवढ्यात सकाळपासून गप्प असलेला नरसय्या नावाचा विद्यार्थी पुढे झाला आणि तिच्या पाया पडला. ती त्याची सख्खी मावशी; तो इथेच वाढलेला. त्याने खरा अर्थ सांगितला. उरलेले शहरही त्यानेच दाखवले. किल्ला आतून बरा आहे.

१७ डिसेंबर, सोमवार
हेडमास्तरांनी बोलावले. त्यांना सगळे कळले होते. नोकरीचे विचारले, तर म्हणाले, आधी शहर पाहा, मग बघू. जानेवारीत धारवाडची मुले येतात. दाखवायला ज्ञानबा जाईल. वेणीमाधवराव, तुम्हीही जा. मुलांच्या रांगेत उभे राहा, आणि वही न्या.