चौथ्या पावलाला

४ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

चिमीचं पत्र पाहून दचकू नका. तुमचं नाव आमच्या घरात चाळीस वर्षं निघालेलं नाही, आणि मी बाबांना न विचारता लिहिते आहे. बोलणी खायची तयारी ठेवली आहे.

बाबा मार्चमध्ये न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण ते उभे राहत नाहीत. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, त्यातली वीस वर्षं दारोदार टपाल वाटत हिंडलेला, आता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत पाऊल टाकलं नाही तर पुढे टाकणार नाहीत. बाबा म्हणतात, चालून जायचंय कुठे?

व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. इतक्या कडक की आई त्यांना चहा विचारायलाही घाबरते. परवा त्यांनी विचारलं, हे आधी कसे चालायचे? प्रत्येकाच्या चालण्यात काहीतरी लकब असते, ती कळली तर अंगाला आठवण करून देता येते. आई म्हणाली, भराभर चालायचे. माझ्या लग्नाचा व्हिडिओ काढला, तर त्यात बाबा पहिल्यापासून शेवटपर्यंत खुर्चीत.

मग मला तुमचा नाटकातला पोस्टमन आठवला, हुबेहूब बाबांसारखा चालणारा. नाटकाचं चित्रीकरण झालंच नाही, आणि सिनेमात तुम्हाला सायकलवर बसवलं. म्हणजे बाबांची चाल आता फक्त तुमच्या अंगात शिल्लक आहे. ती लिहून पाठवाल का?

आईने नमस्कार सांगितला आहे, म्हणजे तिला हे पत्र ठाऊक असतं तर सांगितला असता. चाळीस वर्षांचा लोभ साठला असेल, त्यातला थोडा उलट टपाली धाडावा.

तुमची,
चिमी

११ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते. आता तुझ्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा जुना झाला.

माझं ठीक चाललं आहे. एका मालिकेत आजोबा आहे; आरामखुर्चीतून सगळ्यांना शहाणपण शिकवतो. पुढच्या महिन्यात सत्कार आहे. संयोजक म्हणतात, पोस्टमनची चार पावलं टाकून दाखवा. मी गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं.

झालं ते जसंच्या तसं लिहितो. तेहतिसाव्या वर्षापर्यंत मी रंगमंचावर दार उघडणे आणि निरोप आणणे एवढ्याच कामांचा धनी होतो. मग पोस्टमनचं काम मिळालं. चारच प्रवेश. तालमीत दिग्दर्शक म्हणाले, तू नटासारखा चालतोस, माणसासारखा चाल. घरी येऊन तुमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत तोंड पाडून बसलो, तर कोपऱ्यावरून दादा येताना दिसला, टपाल वाटून. दुसऱ्या दिवशी मी तसा चालत आलो. तालीम थांबली, सगळे पोट धरून हसले. लहानपणी दोन वर्षं मला चालता येत नव्हतं, तेव्हापासून लोकांच्या पायांकडे बघायची खोड आहे. ती कामाला आली.

अकराशे प्रयोग झाले. माझं नाव झालं, आणि दादाच्या वाटेवरची माणसं त्याला माझ्या पात्राच्या नावाने हाक मारू लागली, डुलत्या म्हणून. दुकानदार फळीवरून उतरून त्याच्यामागे डुलत चालायचे. त्याने मला एकदाच सांगितलं, चाल बदल. मी म्हणालो, हशा तिथेच आहे. महिन्याभरात त्याने बदली मागून घेतली, आत, पत्रं वेगळी करायच्या टेबलावर. निवृत्त होईतो तिथेच बसला. चालण्याइतकं त्याला दुसरं काही आवडत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी प्रयोग बंद केले नाहीत. मला त्याची लाज वाटते. त्याला कधी सांगितलं नाही, तुला सांगतो.

आता चाल. काल गुडघ्यांना पट्टे बांधून आरशासमोर करून पाहिली, मग लिहायला बसलो. सुरुवात उजव्या पायाने, टाच अलगद. डावा पाय किंचित बाहेरून फिरून येतो. डावा खांदा टपालाच्या पिशवीच्या ओझ्याने दोन बोटं खाली. मान ताठ, नजर घरांच्या नंबरांवर. आणि दर चौथ्या पावलाला डाव्या बाजूने अंग वर उसळतं, घसरलेली पिशवी सावरावी तसं. लोक नेमके तिथे हसायचे. बाईंना सांग, ती उसळी गाळू नका. पुढची तीन पावलं तिच्याच जोरावर पडतात.

यावंसं वाटतं. पण त्याने बोलावल्याशिवाय येणार नाही. वहिनींना नमस्कार, तो त्यांना ठाऊक असो वा नसो. तुझ्या मनात जागा ठेवलीस तशीच राहू दे.

तुझा,
काका

२ जुलै

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. फक्त चालीपुरतं वाचणार होते, पण माझी गाडी एकदा सुटली की थांबत नाही. लाजेचं वाक्यही वाचून गेले.

ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, सुरुवात उजव्याने नव्हे, डाव्याने. अकराशे वेळा चुकीचा पाय टाकला गाढवाने. आणि कोणता ते दाखवायला उठून बसले. बाईंनी वॉकर पुढे सरकवला.

तेव्हापासून बाई रोज मुद्दाम 'उजवा' म्हणतात आणि बाबा चिडून डावा टाकतात. आधी पलंगापासून कपाटापर्यंत, मग दारापर्यंत. पहिल्यांदा ती उसळी आली तेव्हा आई पदराने डोळे पुसत म्हणाली, हेच की, एवढी वर्षं रोज बघत होते आणि मेलं सांगता आलं नाही. तिला आता सगळं ठाऊक आहे. नमस्कार खरा समजा.

एकच कोडं आहे. तुमचा कागद वाचताना पिशवीच्या वाक्याशी बाबा मला दर वेळी थांबवतात, हूं म्हणतात आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला लावतात. काल त्यांनी कागद-पेन मागून घेतलं. मी विचारलं नाही. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चिमी

१९ जुलै

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बिघडलं आहे, लावून घे. टपालात अडतीस वर्षं काढली, याहून वाईट अक्षरं घरपोच केली आहेत.

तुझं नाटक मी पाहिलं होतं. तिकीट काढून, शेवटच्या रांगेतून. छान करायचास. वाईट केलं असतंस तर इतका राग आला नसता. अठरा वर्षं टेबलाशी बसून पत्ते वाचत मनातल्या मनात गल्ल्या चाललो. तो राग पार गेला असं लिहिणार नाही. कमी झाला आहे.

तुझ्या कागदात दोन चुका आहेत. पायाची चिमीने कळवलीच. दुसरी पिशवीची. पिशवी मी कायम उजव्या खांद्याला लावायचो. तू ती अकराशे वेळा डाव्याला अडकवलीस आणि थिएटरभर एकालाही कळलं नाही.

डावा खांदा पिशवीने खाली गेलेला नाही. तुझे पाय चालत नव्हते ती दोन वर्षं आठव. तू सहाचा, मी बाराचा. तुझी शाळा बुडू नये म्हणून तुला डाव्या कडेवर घेऊन जायचो, उजव्या हातात दोघांची दप्तरं. तू अंगाने जड होतास, दर चार पावलांनी घसरायचास. मग तुला उसळी देऊन वर घ्यावं लागायचं. पुढे तू चालायला लागलास, माझी चाल तशीच राहिली. लोक हसायचे ते त्याला.

हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मला वाटलं, तुला आठवत असेल.

आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन येतो. रविवारी चारच्या सुमारास ये. माझी वाट न बघता वर जा, चिमी दार उघडेल. पुढच्या खोलीच्या खिडकीत उभा राहा. मी कोपऱ्यावरून येईन. या खेपेला नीट बघ.

तुझा,
दादा