आता तो आमचा

गुरुवार, १८ जानेवारी १९९६. बेलापूर

आज पालिकेची कुत्रे पकडणारी गाडी आली. तक्रार सोसायटीचीच. हे गेल्यापासून तो तांबडा कुत्रा रोज संध्याकाळी, यांच्या ऑफिसातून येण्याच्या वेळी, गेटपाशी बसून रडतो. हे त्याला पाव घालायचे. मला ते आवडत नसे.

त्याच्या गळ्यात फास पडलेला बाल्कनीतून दिसला आणि मी अनवाणीच खाली धावले. "आमचा आहे," म्हणाले. मी असं का म्हणाले?

"ताई, पट्टा कुठाय मग?" गाडीवाल्याने विचारलं. "बरं, नाव तरी सांगा."

नाव? हे नुसती शीळ घालायचे. मला शीळ येत नाही. तरी ओठ जुळवले, नुसती हवा आली.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, कशाला टेन्शन घेता? भटका आहे तो."

गाडीवाला माझ्या पायांकडे बघत होता. "सोडतो. पण पट्टा बांधा. पुढच्या वेळी ऐकणार नाही."

पट्टा उद्या आणेन. सध्या कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे.

आत्ता पुन्हा सुरू झालाय. आता सगळे माझ्याच दारात येणार. येऊ देत. मला अजून रडता आलेलं नाही. आमच्या घरातलं कुणीतरी मोठ्याने रडतंय, एवढंच सांगेन.