एक तळं द्या

दि. १२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. माझं अक्षर मुंगीच्या पायासारखं असतं म्हणून तू रागावतेस. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, तुला एक चांगलं जाड भिंग पाठवीन. अक्षर काही आता सुधारायचं नाही.

तू बाबांचं विचारलंस. अंगानं ते खडखडीत आहेत. जेवण जातं, झोप लागते. माझं नाव मात्र गेल्या महिन्यात हरवलं ते अजून सापडलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, अलीकडचं आधी जातं, नोकरीतलं सगळ्यात शेवटी जाईल. ते खरं दिसतंय. सकाळी उठून शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावतात, कंडक्टरची ती जुनी चामडी बॅग रिकामीच खांद्याला अडकवतात आणि दारात उभे राहतात. मी कामावर गेले की खालची शिंपीणबाई त्यांना आपल्या दुकानात बसवून घेते. तिथं ते तिच्या गिऱ्हाइकांना पुढे सरकायला सांगतात. ती म्हणते, असू दे, गर्दी असल्यासारखं तरी वाटतं.

रविवारी मला सुट्टी. मनात आलं, जन्मभर यांनी लोकांना धबधब्याला नेलं, किल्ल्याला नेलं, तळ्याला नेलं, पण गाडी तिथूनच मागं फिरायची म्हणून स्वतः कधी खाली उतरले नाहीत. आता निवृत्तांचा फुकट पास आहे, त्यांच्यासोबत एका माणसालाही चालतो. आठवड्याला एक ठिकाण, सकाळी जायचं आणि दिवे लागायच्या आत घरी यायचं. झेपेल तोवर सगळं दाखवावं.

पहिल्या रविवारी धबधब्याला गेलो. वाटेत त्यांनी एका आजोबांना हात धरून चढवलं, दोन पोरींना दारातून आत घेतलं. खरी कंडक्टर एक तरुण बाई आहे, रविवारच्या या सगळ्या फेऱ्यांना तीच असते, ती नुसती हसत होती. धबधब्यापाशी मी उतरले आणि हात पुढे केला, तर मला म्हणाले, ताई, लवकर या, गाडी थांबणार नाही. मी रस्त्याच्या कडेनंच मान लांब करून पाहिलं. झाडांच्या मधून पांढरी दोरी लोंबत असावी तेवढा धबधबा दिसला. धावत परत चढले. त्यानंतर किल्ला झाला, लेणी झाली. आत्या, मी सगळीकडे जाऊन आले आणि काहीसुद्धा पाहिलं नाही.

तुला काही सुचलं तर कळव. गुडघ्यांना जप आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बुटकी

दि. २३ जानेवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

भिंग मिळालं. आता तुझ्या पत्रातल्या चुकाही मोठ्या दिसतात.

आमचा बाळ, म्हणजे तुझा बाप, गाडीतून उतरत नाही याचं तुला नवल वाटतं, मला नाही. तुझ्या आईचं आणि तळ्याचं तुला कुणी सांगितलंय की नाही? लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती हौसेनं त्याच्या गाडीत बसली. त्यानं बायकोलाही रीतसर तिकीट फाडून दिलं आणि वर सुटे मागितले. शेवटच्या थांब्यावर तळं आलं. ती म्हणाली, चला. तो म्हणाला, गाडी सोडून कसा येऊ. शेवटी ती एकटीच पाण्याशी गेली. ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत थांबली आणि भिजलेल्या पायांनी परत येऊन बसली. वाटभर त्यानं विचारलं, कसं आहे तळं? तिनं एकच उत्तर दिलं, उतरून बघा.

पुढं तेच तिचं पालुपद झालं. भाजीत मीठ किती आहे विचारलं तरी म्हणायची, उतरून बघा. तो म्हणायचा, निवृत्त झालो की पहिलं तळं. ती त्याआधीच गेली. मग त्यानंही तळ्याचं नाव काढलं नाही.

तेव्हा बाकीचे धबधबे राहू देत. त्याला तळ्यावर उतरव. एवढं एक झालं की मी मरायला मोकळी. ती बॅग आधी लपव, म्हणजे काम विसरेल. इथं बसून मी उंटावरून शेळ्या हाकते आहे हे मला कळतं, पण माझे गुडघे दारापर्यंतसुद्धा नेत नाहीत. हाकू दे मला.

वेळेवर जेवत जा, आणि म्हातारीचं बोलणं मनावर न घेता लोभ ठेव.

तुझी,
आत्या

दि. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आईचं मला माहीत नव्हतं. उतरून बघा हे घरातलं बोलणं आहे एवढंच ठाऊक होतं, ते कुठून आलं हे कुणी सांगितलं नाही. वाचून दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. एकाचं भिंग दुसऱ्याच्या फ्रेमला बसवलं आणि मालकांची बोलणी खाल्ली.

तुझ्या सांगण्यावरून बॅग लपवली. असे हाल मी बघितले नव्हते गं. माळा, पलंगाखाली, पिठाचा डबा, सगळीकडे शोधलं. मग जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. बॅग हरवली, आता डेपोत काय तोंड दाखवू, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी काढून दिली. पुन्हा नाही लपवणार.

तळ्याला दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा मी गोडीगुलाबीनं सांगितलं, दुसऱ्यांदा ड्रायव्हरनं दंडाला धरून उतरवायला पाहिलं. त्यांनी दाराची दांडी अशी धरली की बोटं पांढरी पडली. ड्रायव्हरच मग ओशाळला. तळं थांब्याच्या उतारामागे आहे, गाडीतून त्याचा थेंबही दिसत नाही.

आणि आता कंडक्टरबाई सांगते, पुढच्या महिन्याअखेर तळ्याची गाडी बंद होणार. बसायला माणसं नाहीत. कधी कधी आम्ही दोघंच असतो. दुसरी सोय नाही, आणि भाड्याच्या मोटारीत बाबा बसत नाहीत, म्हणतात, हिला गावाची पाटी कुठंय.

परवापासून घास तोंडात धरून ठेवतात. गिळायचं असतं हे सांगावं लागतं. मला आता आशा वाटत नाही, पण तू लिहीत जा, तुझं पत्र आलं की घरात माणूस आल्यासारखं वाटतं.

तुझी,
बुटकी

दि. २२ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

बॅग लपवायला सांगितलं ती माझीच अक्कल. अकलेचा खंदक म्हण आणि सोडून दे.

पण काल भाजी निवडताना एकदम आठवलं. माझ्या लग्नाला बाळ जेवणं उरकल्यावर आला होता. सख्खा भाऊ, आणि पंगती उठल्यावर उगवला. मी महिनाभर बोलले नाही. का उशीर झाला, तर त्याच्या जागी येणारा कंडक्टर आला नव्हता. चार्ज घ्यायला माणूस आल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे त्यानं मला तेव्हा सतरांदा ऐकवलं होतं. नोकरी लागून चार दिवस झाले नव्हते, आणि तोरा असा की गाडी याच्या बापाची.

अगं, त्याला उतरायचं नाही असं नाही. त्याचा चार्ज घ्यायला कुणी आलेलंच नाही. त्या कंडक्टरबाईला हातापाया पडून सांग. तिनं गणवेशात समोर उभं राहावं, आता माझी ड्यूटी, चार्ज द्या, असं रीतसर म्हणावं. बघ उतरतो की नाही. नाही उतरला तर मला बहिरीबरोबर वेडीही म्हण.

घाईत लिहिलं आहे. माया घाईची नाही.

तुझी,
आत्या

दि. ३० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा उतरले.

मध्यंतरी त्यांना ताप होता म्हणून महिना वाया गेला, आणि गाडीचा शेवटचाच रविवार हाती राहिला. कंडक्टरबाईला मी आधी सगळं सांगून ठेवलं होतं. ती टोपी घालून आली होती, एरवी घालत नाही. तळ्याच्या थांब्यावर बाबांसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, आता माझी ड्यूटी, चार्ज द्या. बाबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रिकामी बॅग उघडून तिला आतून दाखवली. पट्टा शर्टाच्या बाहीनं पुसला आणि स्वतःच्या हातानं तिच्या खांद्याला लावला. मग एकेक पायरी करत खाली उतरले. मला काही करावं लागलं नाही. ड्रायव्हर चहा घ्यायला गेला नाही, स्टिअरिंगवर हात ठेवून बघत बसला.

उतार संपला आणि तळं आलं. मोठं आहे गं. पलीकडे गवत, पाणी अगदी गप्प. मी बाबांकडे बघत होते. ते पाण्याकडे बघतच नव्हते. काठाकाठानं नजर फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मला म्हणाले, इथं एक बाई उतरल्या होत्या, त्या परत चढल्या का?

मी म्हटलं, चढल्या.

ते म्हणाले, मग झालं.

नंतर दगडावर बसले, माझा हात धरून. गाडीवाल्यांनी त्यांच्या वेळेपेक्षा जास्त थांबून घेतलं. परतीला कंडक्टरबाई बॅग त्यांना द्यायला लागली. ते म्हणाले, ही माझी नाही. खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. बॅग मी मांडीवर घेऊन आले.

तुझंच डोकं चाललं, आत्या. आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती याचा विचार करते आहे. आशीर्वाद असू दे.

तुझी,
बुटकी

दि. ७ एप्रिल

चि. बुटकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

शेवटी घोडं गंगेत न्हालं. पत्र तीनदा वाचलं, शेजारणीला मोठ्यानं वाचायला लावलं, मला ऐकू आलं नाही तरी. रडले आणि मग चांगली दोन घास जास्त जेवले. आता पुढची सहल कुठली? किल्ल्यावर उतरव, लेण्यांत उतरव. कंडक्टरबाईला माझा नमस्कार आणि एक चांगला चष्मा दे. सगळं सविस्तर लिही, मी वाट बघत बसले आहे. दुसरं काम तरी काय मला.

तुझी,
आनंदी आत्या

दि. २ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तुला काय लिहावं ते कळत नव्हतं. खोटं लिहायचं ठरवून दोन कागद फाडले.

बाबा आता सहलीला येत नाहीत. तळ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. मला वाटलं, दमले असतील. पण बटणं लावणं गेलं, दारात उभं राहणं गेलं. शिंपीणबाईच्या दुकानात नेऊन बसवलं तर गिऱ्हाईक आलं काय, गेलं काय, बघत नाहीत. ती म्हणते, दुकान ओस पडल्यासारखं वाटतं. घास भरवावा लागतो, कूस मीच बदलते. डॉक्टर म्हणाले, हे कधी ना कधी होणारच होतं. होणार होतं, पण त्या दिवशीच का झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला ते ठाऊक आहे आणि तुलाही कळलं असेल. चार्ज होता तोवर त्यांच्याकडे जायला एक जागा होती. तो आपण काढून घेतला. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू नसतं सुचवलंस तर मीच काहीतरी खटपट केली असती. त्यांना उतरवायचंच, असा मी हट्टच धरला होता.

कंडक्टरबाई बिचारी सुट्टीच्या दिवशी गणवेश घालून घरी आली. बॅग हातात धरून बाबांना म्हणाली, माझी ड्यूटी संपली, आता तुम्ही चार्ज घ्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिनं पुन्हा सांगितलं, मग मी सांगितलं. बॅग पलंगाच्या पायाशी ठेवून ती गेली. जिन्यात तिचं हुंदके देणं मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

आता एक करते. रोज संध्याकाळी दुकानातून आले की त्यांच्या पलंगाशी उभी राहते आणि प्रवासी तिकीट मागतात तसं मागते, एक तळं द्या. आधी नुसतं म्हटलं की त्यांचा हात आपोआप हवेत तिकीट फाडायचा. महिनाभर काही नाही. काल मात्र त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, जुन्या दिवसांसारखं मऊ बोलले. म्हणाले, बाई, कंडक्टर उतरलाय. ही गाडी आता जायची नाही.

तरी आज पुन्हा मागितलं. उद्याही मागेन. तू मला रागव, समजाव, काहीही लिही, पण लिहीत जा. हा लोभ तरी बंद पडू देऊ नकोस.

तुझी,
बुटकी